प्रथिनांचा निकाल आणि कर्करोगाचा मुकाबला

कर्करोगाला बळ देणाऱ्या प्रथिनाला नुसते रोखून धरायचे, की पेशीकडूनच त्याचा निकाल लावून घ्यायचा? औषध संशोधनापुढील या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोन दशकांत हळूहळू दुसऱ्या पर्यायाकडे झुकू लागले आहे. मात्र हा मार्ग दिसतो तितका सरळ नाही.

पेशीत प्रथिने सतत तयार होतात, तशीच ती मोडीतही काढली जातात. नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या ७६ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनाची साखळी चिकटवली जाते. हा शिक्का बसला की प्रोटिअसोम ही पेशीतील यंत्रणा त्या प्रथिनाचे तुकडे करते. युबिक्विटिन मात्र सुटून पुन्हा वापरात येते. या शोधासाठी इस्रायलचे आरोन सिचेनोव्हर आणि अवराम हर्श्को तसेच अमेरिकेचे आयर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शिक्का कोणावर मारायचा, हे ठरवणारी सहाशेहून अधिक विकरे मानवी पेशीत आहेत. व्यवस्थेची खरी मेख येथेच आहे.

शिक्का चुकला की अनर्थ

निवड चुकली की कर्करोगाला वाट मिळते. पी-५३ हे प्रथिन बिघडलेल्या पेशींची वाढ थांबवते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत असलेला एचपीव्ही विषाणू आपल्या ई-६ प्रथिनाच्या साह्याने पेशीतीलच एका विकराला फितवतो आणि पी-५३ वर शिक्का मारवून घेतो. पहारेकरीच मोडीत निघतो. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कर्करोग होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या स्वदेशी लशीचे महत्त्व त्यामुळेच मोठे. विषाणूचा शिरकावच रोखला, तर पुढची फितुरी घडत नाही.

उपचारात या व्यवस्थेचा पहिला मोठा उपयोग झाला तो ती बंद पाडण्यासाठी. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतील कर्करोगाच्या पेशी प्रतिपिंडे प्रचंड प्रमाणात बनवतात. साहजिकच सदोष प्रथिनांचा कचराही मोठा साचतो. प्रोटिअसोम थांबले की या पेशी त्या ओझ्याखाली मरतात. या तत्त्वावरील बोर्टेझोमिब या औषधाला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. पण प्रोटिअसोम निरोगी पेशींनाही लागते. हातापायांत मुंग्या येणे, बधिरपणा व वेदना ही त्याची किंमत अनेक रुग्णांना मोजावी लागते.

बदनाम औषधाचा धडा

यंत्रणा बंद पाडण्याऐवजी तिला हवे ते लक्ष्य दाखवता येईल, हे उमगले ते एका बदनाम औषधामुळे. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये बाजारात आलेले थॅलिडोमाइड गर्भवतींना मळमळीवर दिले जाई. हजारो बालके हातापायांतील व्यंगे घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये ते मागे घेण्यात आले. मायलोमावर त्याचा गुण येतो, हे १९९९ मध्ये दिसून आले. कारण मात्र कळत नव्हते. २०१० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते, हे दाखवले. सेरेब्लॉन हा शिक्का मारणाऱ्या विकराचाच भाग. औषध चिकटले की त्याची निवड बदलते. मायलोमाला जगवणारी इकारोस व आयोलोस ही प्रथिने मग नष्ट होतात. गर्भात मात्र अवयवांच्या घडणीस आवश्यक असलेले सॅल-४ हे प्रथिन त्यात बळी पडते, असे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. गुण आणि घात यांचे मूळ एकच निघाले.

जे योगायोगाने घडले, ते हेतुतः घडवण्याचा प्रयत्न म्हणजे 'प्रोटॅक'. या रेणूचे एक टोक नको असलेल्या प्रथिनाला धरते, दुसरे शिक्का मारणाऱ्या विकराला. क्रेग क्रूज व रेमंड डेशेज यांच्या गटांनी २००१ मध्ये ही कल्पना मांडली. प्रथिनाचे काम थांबवण्यासाठी त्याच्या नेमक्या खाचेत बसण्याची गरज येथे नाही. धरता आले तरी पुरते. शिवाय एकच रेणू अनेक प्रथिनांचा निकाल लावू शकतो.

तरीही उत्साहाला आवर हवा. स्तनांच्या कर्करोगावरील वेपडेजेस्ट्रंट या अशाच औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले. इस्ट्रोजेन ग्राहकाच्या जनुकात विशिष्ट बदल झालेल्या रुग्णांत आजार वाढण्यापूर्वीचा मध्यक काळ प्रचलित इंजेक्शनाने २.१ महिने, तर या गोळीने ५ महिने भरला. सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता मात्र फरक निर्णायक ठरला नाही.

कर्करोगाच्या पेशीही स्वस्थ बसत नाहीत. सेरेब्लॉनच गमावून त्या औषधाला दाद देईनाशा होतात. शेकडो विकरे उपलब्ध असताना आजवरची बहुतेक औषधे त्यांतील दोन-तीनांवरच विसंबून आहेत. उरलेल्यांपैकी किती कामी आणता येतात आणि थॅलिडोमाइडने दिलेला सावधगिरीचा धडा किती लक्षात ठेवला जातो, यावर या उपचारपद्धतीचे भवितव्य ठरेल.