फुंकायला लावा, पण आधी तुमचाच कायदा वाचा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझे थोरले काका भाजीचा टेम्पो घेऊन गोव्याला जातात. बेळगाव तालुक्यातली कोबी, मिरची, बीन्स पहाटेच्या आत तिकडच्या बाजारात पोचवायची, हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. काका माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकत नाही. दारूचा थेंब कधी घेतला नाही.

त्या रात्री रस्त्यातल्या एका नाक्यावर त्यांना थांबवलं. कुठला नाका ते सांगत नाही. गाडी सरळ चालली होती, कागद पुरे होते. तरी मशीन तोंडाला लावलं. "ऊदू." काकांनी फुंकलं. आकडा आला ३४. काकांना खोकला होता, दहाच मिनिटांपूर्वी त्यांनी औषधाच्या बाटलीतून दोन घोट घेतले होते. काही औषधांत अल्कोहोल असतं. तोंडात राहिलेलं अल्कोहोल साधारण पंधरा मिनिटांत निघून जातं, आणि तोवर मशीन भलताच आकडा दाखवू शकतं. काका म्हणाले, "साहेब, थोडं थांबून परत फुंकतो की." कुणी ऐकलं नाही. कानडीतला एक कागद पुढं आला, "साइन माडी". काकांना कानडी बोलता येते, वाचता येत नाही.

अडीच तास गेले. शेवटी दर ठरला, पाच हजार. पावती नाही. मागं टेम्पोत भाजी सडायला लागली होती, काकांनी पैसे दिले. घरी आल्यावर तीन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. पैशाचं दुःख नव्हतं. माळ घातलेल्या माणसाला चार लोकांसमोर दारुडा ठरवलं, ते लागलं होतं.

आता काही जण म्हणतील, पिऊन गाडी चालवणाऱ्यांची वकिली करतोस काय. नाही ओ. माझ्या वर्गातल्या मित्राचा भाऊ असल्याच एका पिलेल्या ड्रायव्हरच्या जीपखाली गेला. त्या वळणावर दिवा नव्हता, पोलीस नव्हता, अँब्युलन्स पाऊण तासानं आली. खटल्याच्या तारखा अजून पडताहेत. त्या ड्रायव्हरला जन्माची अद्दल घडावी असं मला आजही वाटतं. आणि म्हणूनच विचारतो: त्या वळणावर नसलेला पोलीस माझ्या काकांसमोर अडीच तास काय करत होता?

कायदा काय म्हणतो ते बघूया. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. ठीक. पण पुढचं कलम २०३ कुणी वाचत नाही. गणवेशातला पोलीस श्वासाची चाचणी मागू शकतो, पण कधी? त्या ड्रायव्हरनं १८५ चा गुन्हा केलाय असा संशय घ्यायला वाजवी कारण असेल तेव्हा. गाडी वाकडी-तिकडी चालतेय, वास येतोय, बोलणं अडखळतंय, ही कारणं झाली. "रात्रीचे अकरा वाजलेत आणि तू इथून चाललायस" हे कारण नव्हे.

कलम २०२ त्याहून स्पष्ट आहे. या गुन्ह्यात अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडायचं. म्हणजे काकांना अटक झाली होती, तर डॉक्टर कुठं होता? आणि अटक नव्हती, तर अडीच तास थांबवलं कुठल्या अधिकारात?

तिसरी गोष्ट पाठच करा. जागेवर दंड भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी कलम २०० मध्ये आहे. त्यात १८५ नाही. पिऊन गाडी चालवल्याचा दंड कोर्टातच भरायचा असतो. नाक्यावर घेतलेला रुपया हा दंड नव्हेच, ती लाच. २०१९ च्या दुरुस्तीनं दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर नेला. सरकारला वाटलं लोक घाबरतील. लोक घाबरले, पण कायद्याला नाही, नाक्याला. दहा हजार आणि कोर्टाच्या खेपांचा धाक दाखवला की पाच हजारांत 'मिटवणं' स्वस्त वाटतं. दंड वाढला तशी तडजोडीची किंमत वाढली.

पॉलिटिकल सायन्सच्या वर्गात जॉन स्टुअर्ट मिल शिकवतात. परीक्षेत दहा मार्कांना येतो, मग विसरला जातो. १८५९ च्या त्याच्या 'ऑन लिबर्टी' या पुस्तकात दारूचा प्रश्न थेट आलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस नुसता प्यायलाय म्हणून त्याला शिक्षा नको, पण नशेत ज्यानं एकदा दुसऱ्याला इजा केलीय, त्याच्यावर खास निर्बंध घाला, आणि परत तसंच केलं तर शिक्षा आणखी कडक करा. म्हणजे सत्तेचा हात धोका जिथं आहे तिथं जावा, सगळ्यांच्या खिशात जाऊ नये. मिलच्या काळात मोटारी नव्हत्या. प्यायलेला माणूस स्टिअरिंगवर बसला की दुसऱ्याला धोका तयार झालाच, हे मला मान्य आहे. पण त्याचा अर्थ स्टिअरिंगवर बसलेला प्रत्येक माणूस संशयित, असा होत नाही.

अमेरिकेत हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मिशिगन राज्यात १९८६ साली पोलिसांनी एका रात्री १२६ गाड्या थांबवल्या, अटक झाली दोघांना. १९९० मध्ये न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी नाकाबंदी वैध ठरवली. पण तीनच वर्षांनी मिशिगनच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या घटनेखाली ती नाकारली. संशयाशिवाय नागरिकाला अडवणं ही तिथंही किरकोळ बाब मानली गेली नाही.

दुसरी बाजूही सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये १९८२ पासून सरसकट श्वासचाचणी सुरू झाली आणि रस्त्यावरचे मृत्यू कमी झाले. खरं आहे. पण तिथं कायदेमंडळानं तसा अधिकार उघडपणे दिला. आपल्याकडं संसदेनं 'वाजवी संशय' लिहिलाय आणि नाक्यावर तो शब्द गाळला जातो. सरसकट तपासणी हवी असेल तर संसदेत आणा, चर्चा करा, पोलिसांवर अटी घाला. मी विरोध करीन, पण तो लोकशाहीतला वाद असेल. आता चाललंय तो वाद नव्हे, वहिवाट आहे.

आणि ही वहिवाट कुणाच्या मानेवर बसते? मे २०२४ मध्ये पुण्यात पोर्शे गाडीनं दोन तरुण जिवांचा बळी घेतला. अल्पवयीन आरोपीच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपाखाली सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. म्हणजे वर पैसा असेल तर आरोपीचं रक्तसुद्धा बदलतं म्हणे, आणि खाली टेम्पोवाल्याला दुसऱ्यांदा फुंकायला मिळत नाही. अधिकार वाढवले की ते पोर्शेपर्यंत पोचत नाहीत, भाजीच्या टेम्पोजवळच थांबतात.

यात आपल्या सीमाभागाचा वेगळा मुद्दा आहे. वाचता न येणाऱ्या कागदावर सही. मुंबईत वरळीला २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूनं एका महिलेला चिरडलं. त्या आरोपीच्या अपिलावर नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि ती त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत. गंमत बघा, श्रीमंत घरच्या आरोपीनं लढवलेल्या मुद्द्यातून आपल्या टेम्पोवाल्याला हक्क मिळाला. तो वापरा. आपल्याला कानडीचा द्वेष नाही. पण जे वाचता येत नाही त्यावर सही करणार नाही, एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि तक्रारीचा अर्ज मराठीत द्यायचा हक्क घटनेच्या कलम ३५० नंच दिलाय.

म्हणून मागण्या साध्या आहेत. संशयाचं कारण आधी लिहा, मग मशीन लावा. नवी नळी समोर फोडा. आकडा जास्त आला तर पंधरा मिनिटांनी दुसरी चाचणी, नंतर डॉक्टर. नाक्यावर चालू कॅमेरा. कागद समजणाऱ्या भाषेत. आणि नशेत ज्यानं कुणाला मारलं, त्याचा खटला वर्षाच्या आत संपवा, लायसन कायमचं काढा, भरपाई त्याच्याच खिशातून वसूल करा.

पिऊन गाडी चालवू नका. हे मी पोलिसांच्या भीतीनं सांगत नाही, मित्राच्या घरातला फोटोला घातलेला हार बघितलाय म्हणून सांगतो. पण न पिता अडवलं, तर तीन प्रश्न शांतपणे विचारा: संशयाचं कारण काय? डॉक्टर कुठं आहे? पावती कुठल्या कोर्टाची? काकांना त्या रात्री हे माहीत नव्हतं. आता त्यांनी हे तिन्ही प्रश्न टेम्पोच्या काचेवर आतून चिकटवलेत, मराठीत आणि खाली कानडीतही. कानडीतले मी शेजारच्या मल्लिकार्जुनमामांकडून लिहून घेतले. ते म्हणाले, "माझ्या गाडीलाही एक कागद दे की, मलापण अडवतात."