ऱ्हासाची हाकाटी

महाराष्ट्राबाहेरील कोणत्याही मराठी मंडळाच्या वार्षिक समारंभात अध्यक्षीय भाषणाचा एक परिच्छेद ठरलेला असतो. मराठी शाळा ओस पडत चालल्याची खंत व्यक्त झाली, तरुणांच्या पोशाखाचा समाचार घेऊन झाला, की वक्ते संगीताकडे वळतात. बालगंधर्वांचे नाव निघते, ‘गीतरामायणा’चे निघते, आणि मग आजच्या गाण्यांना उद्देशून गोंगाट, धांगडधिंगा, थिल्लरपणा हे शब्द बहुधा याच क्रमाने येतात. सभागृह टाळ्या वाजविते. माझी हरकत आहे ती या टाळ्यांना. संगीताचा ऱ्हास झाला हे विधान मला मान्य नाही. परंतु त्याहूनही अमान्य आहे ते विधान करण्याची आपली रीत. कागद पाहिल्यावाचून सही करावयाची नाही ही जी सवय आपण कचेरीत कटाक्षाने पाळतो, ती संगीताचा विषय निघताच आपण खुंटीवर टांगून ठेवतो.

ऱ्हास म्हणजे उंचावरून खाली येणे. तेव्हा ती उंची कोठे होती, हे आधी सांगावयास हवे. बहुतेकांचे बोट संगीत रंगभूमीकडे जाते. ठीक आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले, आणि त्यामागोमाग १८८२ मध्ये ‘सौभद्र’. या नाटकांतील चाली आल्या कोठून? साक्या-दिंड्या कीर्तनकारांच्या, काही चाली लावणीच्या, काही कर्नाटकातल्या. पुढे १९११ साली ‘मानापमाना’साठी गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, त्या पूरबेकडील ठुमरी-कजरीच्या वळणाच्या, म्हणजे ज्या गायकीचे माहेर लखनौ-बनारसच्या कोठ्यांत होते, त्या गायकीच्या. आज ज्याला आपण डोळे मिटून ‘शुद्ध मराठी’ म्हणतो, ते संगीत असे चार मुलखांतून गोळा करून आणलेले आहे. आणि जी भूपाळी देवघरातील समईइतकी सोवळी मानली जाते, ती लावण्या रचणाऱ्या होनाजीची. १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ने ती पुन्हा घरोघरी नेली. तमाशाच्या फडावरून देवघरात येण्यास तिला शे-सव्वाशे वर्षे लागली असतील, पण ती आली. आली तेव्हा तिच्या अंगावरचा फडाचा बुक्का कोणाला दिसला नाही.

त्या सुवर्णकाळात तरी सारे आलबेल होते काय? ‘वन्समोअर’च्या आग्रहापायी नाटके पहाटेपर्यंत लांबत, कथानक मध्येच ताटकळत उभे राही, आणि गाण्याने नाटक खाल्ले अशी तक्रार जाणते लोकच करीत. त्या तक्रारीला उत्तर म्हणून १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतरा’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले. तीत पदे मोजकी, आणि केशवराव भोळ्यांच्या चाली तानांच्या भेंडोळ्यांपासून मुक्त. म्हणजे आज ज्या काळासाठी आपण उसासे टाकतो, त्या काळातले विचारी लोक त्याच संगीताच्या अतिरेकावर इलाज शोधीत होते.

भावगीताची गोष्ट याहून वेगळी नाही. ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागे; उंच पट्टी, उघडा आवाज, फेकीच्या ताना यांचा जन्म या गरजेत आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले ते कर्ण्यात तोंड घालून. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विजेचे मुद्रण आले, आणि कानात कुजबुजावे तसे गाणे प्रथमच शक्य झाले. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात जे बसेल ते गाणे. जे. एल. रानडे, जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांनी जे केले ते या दोन अटींच्या आत केले. ज्याने ख्याल तासभर ऐकला त्याला ही गाणी खेळणी वाटली असल्यास नवल नाही. यंत्र बदलले, जागा बदलली, तसा गळा बदलला. याला ऱ्हास म्हणावयाचे तर भावगीत हीच पहिली पडझड ठरेल. पण तसे म्हणण्यास अध्यक्ष महाराज तयार होणार नाहीत, कारण त्यांचे बालपण भावगीतांत गेलेले आहे.

आता आपल्यासारख्या सरकारी माणसांनी विशेष लक्ष द्यावे असे प्रकरण. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. गृहस्थ विद्वान, संगीताचे खरे प्रेमी, आणि मराठी. चित्रपटसंगीताने देशाची अभिरुची नासविली आहे असे त्यांचे ठाम मत होते; आणि मत असणाऱ्याच्या हाती खाते आले म्हणजे जे होते ते झाले. आकाशवाणीवर चित्रगीतांना कात्री लागली, गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे बंद झाले, निर्मात्यांशी बिनसले, आणि चित्रगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी काटा फिरवून सिलोन लावले. त्याच १९५२ साली अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि संध्याकाळी रस्त्यावरून चालताना एकच गाणे घराघरातून सलग ऐकू यावे असा तिचा अंमल बसला. १९५७ साली ‘विविध भारती’ काढून सरकारने तीच गाणी पुन्हा घरात घेतली. केसकर तेव्हाही मंत्रीच होते.

यातला मर्मभाग असा की, ज्या पाच वर्षांत हे संगीत अधोगतीस गेल्याचे सरकारी दप्तरात ठरले होते, ती वर्षे आज त्याच संगीताच्या वैभवाची म्हणून सांगितली जातात. नौशादांचा ‘बैजू बावरा’ १९५२ चा, सचिनदेव बर्मनांचा ‘प्यासा’ १९५७ चा, आणि दोहोंच्या मधला, १९५३ चा, ‘अनारकली’ आपल्या सी. रामचंद्रांचा. पुणतांब्याच्या या चितळकरांनी १९५१ च्या ‘अलबेला’त गोव्याच्या चिक चॉकलेटचे तुतारीवादन आणि विलायती ठेका आणला, तेव्हा धांगडधिंगा हाच शब्द सज्जनांच्या तोंडी होता. आज तीच गाणी आजोबा-आजी साठीशांतीच्या समारंभात लावतात आणि नातवंडांना सांगतात, ‘‘याला म्हणतात गाणे!’’

येथे कोणी म्हणेल : पण त्याच राजवटीत पुणे केंद्रावरून १९५५ साली ‘गीतरामायण’ झाले, त्याचे काय? झाले, आणि त्याचे श्रेय आकाशवाणीला दिलेच पाहिजे. परंतु ते कशाने झाले हेही पाहावे. माडगूळकर आणि फडके या चित्रपटातच हात बसलेल्या दोघांना वर्षभर दर आठवड्यास एक नवे गीत करण्याचे काम मिळाले, वादक मिळाले, ठरलेली वेळ मिळाली, आणि छप्पन्न गीते उभी राहिली. कोणाला तरी काम दिले म्हणून ते घडले. कोणाचे तरी गाणे बंद केले म्हणून नव्हे. ज्या चित्रसृष्टीला अभिरुचीची वैरीण ठरविले होते, तिनेच ही जोडी तयार करून दिली होती.

‘हल्ली आधी चाल होते आणि मग तिच्यात शब्द कोंबतात’ हाही एक आवडता आक्षेप आहे. नाट्यपदांची कोणतीही जुनी पुस्तिका उघडावी. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा निर्देश छापलेला आढळेल. किर्लोस्कर-देवलांपासून शब्द चालीवरच बसत आले.

मग काहीच गमावले नाही काय? गमावले आहे, पण ते भाषणांत येत नाही. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत कळफलकाची यंत्रे आली, आणि मुंबईच्या मुद्रणगृहांतून व्हायोलिनवाल्यांचे ताफे उठले. त्यांतले कितीएक गोव्याचे. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांनी वळण लावलेले. गाणे त्यामुळे हलके झाले की नाही यावर वाद घालता येईल. त्या माणसांची मिळकत गेली यावर घालता येणार नाही. दुसरे असे की गळ्यातला सूर यंत्राने नीट करून मिळू लागल्यापासून, आपला सूर थोडा हलतो म्हणून लाजणारी माणसे घरात गाईनाशी झाली आहेत. पूर्वी चार बेसूर मामांमागून एक सुरेल मामा निघे. आता चौघेही मोबाइल पुढे करतात. ही हानी मोठी आहे, आणि तिचा दोष नव्या गाण्यांकडे जात नाही.

ऱ्हासाची हाकाटी आपल्यातच इतकी का, याचे कारण मला बदलीच्या हुकुमात दिसते. ज्या वर्षी आपण नागपूर, पुणे किंवा कोल्हापूर सोडले, त्या वर्षाची गाणी आपण ट्रंकेत घालून आणली. तिकडे गाणे पुढे चालले, इकडे आपले घड्याळ त्या तारखेवर उभे राहिले. शिवाय चाळीस वर्षांतली निवडक पन्नास गाणी एका पारड्यात आणि या महिन्यात कानावर आदळलेले सारे दुसऱ्यात, असे वजन आपण करतो. त्या चाळीस वर्षांत टाकाऊ गाणीही रगड झाली. ती कोणी जपली नाहीत, म्हणून ती झालीच नाहीत असे आपण धरून चालतो.

याची किंमत मुले भरतात. एका मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांनी ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’वर नाचण्याची परवानगी मागितली. समितीने ‘अभिरुचीस धरून नाही’ असा शेरा मारून अर्ज निकालात काढला. ज्यांना हा शेरा मिळाला त्या मुलांची शाळा हिंदी-इंग्रजी, मित्र बंगाली आणि ओडिया. आणि त्या मित्रांनाही पाठ असलेले बहुधा एकच मराठी गाणे, ते हे. २०१६ च्या त्या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल अमेरिकेस गेले आणि तेथील मोठा वाद्यवृंद त्यांनी बसविला, म्हणजे आपण ज्या व्हायोलिनांसाठी हळहळतो तीच त्यांनी परत आणली, हे समितीस ठाऊक नसावे. मुले मंडपाबाहेर नाचली, मित्रांना शब्दांचा अर्थ सांगत. आत नाट्यगीतांचा कार्यक्रम यथासांग झाला. श्रोते, आयोजकांसह, चौदा होते.

पुढील भाद्रपदात कार्यक्रमांची यादी ज्यांच्यापुढे मंजुरीस येईल, त्यांनी नाट्यगीते अवश्य ठेवावीत. मीही ऐकावयास बसेन. मात्र मुलांच्या अर्जावर नकार लिहावयाचा असल्यास कारण लेखी द्यावे, आणि ते १९५२ च्या कारणाहून निराळे असावे.