मंडळं तक्त्यावर, पोरी एसटी स्टँडवर

थोडं लांबलंय, पण ज्यांची पोरं हायस्कूलला आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. शाळेचं नाव घेणार नाही. आपल्या माण-खटावात कुठल्याही हायस्कूलला जा, थोड्याफार फरकानं हेच दिसेल. आणि नाव घेतलं की सगळे नावावर भांडतात, मुद्दा जातो खड्ड्यात.

ऑफिसबाहेर भिंतीवर तक्ता असतो. विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, हरित सेना, क्रीडा मंडळ, सांस्कृतिक मंडळ, विद्यार्थी मंत्रिमंडळ. प्रत्येकापुढं एका सरांचं किंवा मॅडमचं नाव. पोराचं नाव एकही नाही. विद्यार्थ्यांची मंडळं म्हणायची आणि तक्त्यावर विद्यार्थी औषधालासुद्धा सापडू नये, म्हणजे कमालच.

वर्षभर चालतं काय? जुलैत उद्घाटन. पाहुणे, नारळ, शाल, आभार. त्यानंतर मंडळ झोपतं ते थेट विज्ञान प्रदर्शनाच्या पत्राला जागं होतं. मग थर्माकोल येतो, खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी होतो, निम्मं काम बाप करतो आणि उरलेलं सर करतात. वाङ्मय मंडळाचं त्याहून भारी. भाषण सरांनी लिहायचं, पोरीनं पाठ करायचं, "आदरणीय व्यासपीठ" पासून "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" पर्यंत. त्या पोरीला स्वतःला काय म्हणायचंय हे वर्षभरात कुणी विचारलेलं नसतं. मंत्रिमंडळाची निवडणूक तर विचारूच नका. पहिला नंबर असेल तो मुख्यमंत्री, संचालकांचा नातू क्रीडामंत्री. चिठ्ठ्या टाकून मतदान घ्यायला एक तास लागतो हो, जास्त नाही.

आता लगेच कुणी म्हणेल, मास्तर कामचुकार. मला ते अजिबात मान्य नाही. ग्रुपवर दुपारी दोनला मेसेज येतो, अमुक दिवस साजरा करून चारच्या आत फोटो लिंकवर टाका. मग काय होणार? पाच पोरं उभी करायची, हातात रोप द्यायचं, फोटो काढायचा. वरच्याला फोटो हवा, खालचा फोटो देतो. त्यात मतदार यादीचं काम, ऑनलाइन माहिती, शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे. ज्या सरांच्या नावावर तीन-तीन मंडळं आहेत त्यांनी एक जरी नीट चालवलं तरी हात जोडावेत. माझं भांडण या फोटोच्या कारभाराशी आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्या-माझ्याशी आहे.

कारण पालक म्हणून आपण एकच विचारतो, दहावीचा निकाल किती टक्के लागला. मोहीच्या ललिता बाबरनं २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकात ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, तेव्हा आपली माणदेशी छाती किती फुगली होती ते आठवा. आणि दिवाळीनंतर दहावीचा खेळाचा तास गणिताला दिला की आपणच म्हणतो, बरं झालं, सर तळमळीचे आहेत.

पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कुठल्याच परिपत्रकात नसते. एसटीची वेळ. शाळा सुटते पाचला, वाडीवस्तीवर जाणारी गाडी सव्वापाचला. ती चुकली तर पुढची सातला, तीही आली तर. "ज्यांना मंडळात भाग घ्यायचाय त्यांनी शाळा सुटल्यावर थांबा" असं सर सांगतात तेव्हा थांबतं कोण? गावातली पोरं, सायकलवाली पोरं. वाडीवरची पोरगी दप्तर घेऊन स्टँडकडं पळते. अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंतच्या मुलींना पास फुकट आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण फुकट पासावर गाडी उशिरा सुटत नाही. म्हणजे कबड्डीच्या संघात कोण, नाटकात कोण, हे गुण बघून ठरतच नाही, डेपोचं वेळापत्रक ठरवतं. आणि वर आपण म्हणायचं, "आमच्या पोरी पुढंच येत नाहीत."

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मंडळं शाळेच्या वेळेत घ्या, वेळापत्रकात छापून घ्या. शनिवारची सकाळची शाळा असते, तिचे शेवटचे दोन तास द्या. नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये आलं. त्यात विज्ञान, गणित, भाषा, नाटक, वादविवाद अशा मंडळांना पाठबळ द्यायचं स्पष्ट लिहिलंय. अभ्यासाचं आणि अभ्यासाबाहेरचं यात भिंत घालू नका, असंही लिहिलंय. कागद आपल्याच बाजूनं आहे. तो वाचून दाखवायला पालक सभेला माणूस हवा.

"आणि पैसे?" हा प्रश्न येणारच. एक उदाहरण देतो, विज्ञान मंडळाचं. सरळ उभ्या बाजूची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा भाग कापून उलटा आत बसवा, झालं नरसाळं. बूड वाकडंतिकडं असतं म्हणून थोडं पाणी ओतून तिथं शून्याची रेघ मारा, वर पट्टी चिकटवा. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेत ठेवा. झालं पर्जन्यमापक. शाळेजवळ राहणाऱ्या दोन पोरांनी रोज सकाळी एकाच वेळी आकडा वहीत लिहायचा, सही करायची, पाणी शून्यावर आणून ठेवायचं. पट्टीचा खर्च सोडला तर फुकट.

याचा उपयोग काय, हे आपल्या दुष्काळी पट्ट्यात तरी सांगावं लागू नये. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तरच अतिवृष्टी धरतात. डाळिंबाचा हवामान आधारित विमाही मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरतो. केंद्र एका गावात, मंडळात गावं कितीतरी. तिकडं कोरडं आणि आपल्याकडं बांध फुटले, किंवा उलटं, हे दरवर्षीचं रडगाणं आहे. पोरांच्या बाटलीला विमा कंपनी विचारणार नाही, एवढं मलाही कळतं. पण आपल्या गावासाठी वेगळं केंद्र मागायला तहसीलला जाताना हातात तीन वर्षांची रोजची वही असली तर साहेब निदान खुर्चीवर बसा म्हणतो. आज आपण काय घेऊन जातो? "साहेब, लई पाऊस झाला."

आणि गणित कच्चं राहील म्हणणाऱ्यांना याच वहीतलं गणित घाला. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेचं छत २०० चौरस मीटर आणि पाऊस ५० मिलिमीटर, तर पाणी किती? दहा हजार लिटर. टँकर बघत मोठं झालेलं पोर हे गणित जन्मात विसरणार नाही. पुढचा प्रश्न तेच विचारेल, मग हे पाणी जातं कुठं? त्या प्रश्नाची मात्र तयारी ठेवा, कारण तो ग्रामपंचायतीपर्यंत जाईल. कधीकधी वाटतं, मंडळं झोपलेली बरी असं काहींना वाटण्यामागं हेच कारण असावं.

पोरांच्या हातात काम दिलं तर काय होतं, याचा दाखला परदेशातून आणायला नको. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहात त्यांनी 'छात्रालय दैनिक' चालवलं. हातानं लिहिलेलं, आणि दैनिक! अनुदान नाही, लिंक नाही, फोटो नाही. आपल्याकडं आज प्रत्येक घरात मोबाईल आहे आणि शाळेचं भित्तिपत्रक मागच्या २६ जानेवारीचंच लटकतंय.

मुलींच्या तक्रारपेटीबद्दल एकच विचारतो. ती भिंतीवर आहे, दिसते. किल्ली कुणाकडं असते आणि शेवटची कधी उघडली?

पुढच्या पालक सभेला नेहमीसारखं रजिस्टरवर सही करून, चहा पिऊन उठू नका. मी तीन गोष्टी लेखी देणार आहे. शनिवारचे दोन तास, तक्त्यावर सरांच्या नावाशेजारी पोरांनी मतदानानं निवडलेल्या एका मुलाचं आणि एका मुलीचं नाव, आणि सव्वापाचची गाडी निदान महिन्यातून एक दिवस सहाला सोडावी म्हणून डेपो मॅनेजरला शाळेचं पत्र. अर्जावर सह्या लागतील. वाडीवरच्या पालकांनी आधी कराव्यात, गाडी त्यांचीच चुकतीय. ज्यांना सभेला येणं जमत नाही त्यांनी खाली नाव आणि पोरगं कितवीला ते लिहा, अर्ज मी घरी आणून देतो.