ताटली उचलण्यापूर्वी

वडिलांना शहाऐंशी वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. केक नको, शाल नको, नातेवाइकांचा गोतावळा तर मुळीच नको. "परळला जाऊन थालीपीठ खाऊ या," म्हणाले. कुठले थालीपीठ, हे आमच्या घरात विचारावे लागत नाही. वडील परळच्या महापालिकेच्या शाळेत मास्तर होते आणि शाळेपासून सात मिनिटांच्या अंतरावर एक मराठी उपाहारगृह होते. होते म्हणजे, अजून आहे. त्याचे नाव इथे लिहीत नाही. असे एखादे ठिकाण प्रत्येक कुटुंबाचे असते. तुम्ही तुमच्याचे नाव मनात धरा.

रविवारी संध्याकाळी पाचला ठाण्याहून तिथे पोहोचलो. दारात आठ-दहा मुले पाठीला चौकोनी पिशव्या अडकवून, मोबाइलमध्ये डोळे घालून उभी. त्यांच्यातून वाट काढत वडिलांना आत नेले. पंचवीस मिनिटांनी टेबल मिळाले, तेही नेमके दाराशी. टेबलावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन चिकटवलेला. त्याच्यावर मोबाइल धरायचा की पदार्थांची यादी दिसते. वडिलांनी चष्मा वर करून पाहिले, खाली करून पाहिले. छापील कार्ड आहे का विचारले, तर वेटर म्हणाला, "कोविडपासून बंद." वडिलांना कार्डाची गरज नव्हतीच म्हणा. साठ वर्षांत त्यांनी ते कधी उघडलेले मला आठवत नाही. पण हातात धरायला काहीतरी लागते.

"पाणी बाटलीचं की साधं?"

"पिण्याचं," वडील म्हणाले. विनोद फुकट गेला.

दोन थालीपिठे, एक साबुदाणा वडा, दोन ताक. एवढे यायला चाळीस मिनिटे लागली. तेवढ्या वेळात मी दुसरे काही सुचेना म्हणून दाराबाहेर जाणारी पार्सले मोजली. चौदा. प्रत्येक पार्सलाला यंत्रातून एक चिठ्ठी फडफडत बाहेर यायची, गल्ल्यावरचा तरुण मालक ती पिशवीला टाचायचा आणि आत ओरडायचा. त्याच्या आजोबांना मी गल्ल्यावर पाहिलेले आहे. ते आत ओरडायचे ते टेबलाचा नंबर घेऊन. नातू ओरडतो तो ऑर्डरचे शेवटचे चार आकडे घेऊन. स्वयंपाकघर आता रस्त्याकडे तोंड करून बसले आहे आणि जो प्रत्यक्ष समोर येऊन बसला, तो मधल्यामध्ये अडचण झाला आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

थालीपीठ आले. कोमट होते, पण चव तीच होती हे कबूल केले पाहिजे. चटणी पुन्हा मागितली तर "एक्स्ट्रा वीस रुपये" असे उत्तर मिळाले. बरे, द्या. वडिलांची थालीपीठ खाण्याची एक रीत आहे. कडेपासून गोल गोल खात आत यायचे आणि मधल्या भोकाभोवतीचा खरपूस भाग शेवटी लोण्याच्या गोळ्याबरोबर खायचा. कवळीमुळे वेळ लागतो. तो शेवटचा घास बाजूला ठेवून ते ताकाचा ग्लास घेण्यासाठी वळले, एवढ्यात टेबल पुसणारा मुलगा आला आणि घासासकट ताटली उचलून घेऊन गेला. लोणीही गेले. मी उठलो. वडिलांनी माझा हात धरला. "असू दे," म्हणाले, आणि ताक पिऊ लागले.

आता हे सारे क्षुल्लक आहे, मला माहीत आहे. एका घासासाठी रविवारच्या पुरवणीची जागा अडवावी का? पण वडिलांचा चेहरा मी पाहिला. ज्या जागी आपल्याला मान होता असे माणूस आयुष्यभर समजत आलेला असतो, तिथून आपण कधी उठतो याची वाट पाहिली जाते आहे हे कळल्यावर होतो तसा तो झाला होता.

मान म्हणजे तरी काय होता? मी लहान असताना महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिथे जात असू. गिरणगावातल्या लोकांच्या रोजच्या पोटाची सोय हॉटेलांनी केली नाही, ती खानावळवाल्या बायकांनी केली. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. हॉटेल हे पगाराच्या आठवड्याचे प्रकरण. दामोदर हॉलमधले नाटक सुटले की तिथे बसायला जागा नसे. तरीही आमच्या वडिलांना एक वेटर ठरलेला होता. सावंतवाडीकडचा. वडील त्याला "गाववाले" म्हणत, तो वडिलांना "मास्तर" म्हणे. आम्ही बसलो की न सांगता पाणी येई. चार ग्लास एका हातात आणि प्रत्येक ग्लासात एक बोट बुडालेले, हेही सांगून टाकतो, नाहीतर मी जुने ते सोने करतो आहे असे वाटेल. आईची चटणी कमी तिखट येई. मला आणि बहिणीला मिळून एक पीयूष, पण ते दोन ग्लासांत सारखे ओतलेले, कारण एकदा आमचे त्यावरून भांडण झालेले त्याने पाहिले होते. आई आजारी असताना वडील एकटे गेले, तर त्याने थालीपिठाबरोबर एक पुडी बांधून दिली आणि "बाईंका" एवढेच म्हणाला.

त्याच्या वागण्यात अदब वगैरे काही नव्हते. उलट तो चांगलाच तुसडा होता. पण त्याला आम्ही आठवत होतो. चांगली सेवा म्हणतात ती बहुतेक वेळा एवढीच असते, आणि ती प्रशिक्षणाने येत नाही. माणूस एका जागी वर्षानुवर्षे राहिला तर येते. परवाच्या त्या तरुण वेटरला मी विचारले, किती दिवस झाले इथे? म्हणाला, अकरा. झारखंडहून आलेला. त्याच्या आधीचा दोन महिने होता. त्याला मराठी येत नाही ही तक्रार मी करणार नाही. सावंतवाडीचा गाववालाही काही पुस्तकी मराठी बोलत नव्हता. अकरा दिवसांत कुणाला कुणाचे लोणी आठवणार?

बिल आले. पदार्थांचे ४५० रुपये, त्यावर दहा टक्के सेवाशुल्क ४५, आणि या दोहोंवर जीएसटी. इथे मात्र मी गप्प बसलो नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: बिलात सेवाशुल्क आपोआप लावायचे नाही, दुसऱ्या नावानेही लावायचे नाही, ते देणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून या सूचना योग्य ठरवल्या. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. हे मी गल्ल्यावर जाऊन बऱ्यापैकी मोठ्या आवाजात सांगितले. तरुण मालक म्हणाला, "काका, ते सिस्टिममधूनच येतं." मग सिस्टिममधून काढले. सत्तेचाळीस रुपये वाचले. या पैशांतले वेटरला किती मिळतात, हे विचारल्यावर त्याने यंत्रातून आलेली नवी चिठ्ठी वाचायला घेतली.

मी जिंकून वळलो तर टेबल रिकामे. वडील बाहेर, पिशव्यावाल्या मुलांच्या घोळक्यात. त्यांच्यातल्या एकाने आपली दुचाकी स्टँडवर लावून वडिलांना तिच्यावर टेकायला लावले होते आणि आपल्या बाटलीतले पाणी दिले होते. तोही चाळीस मिनिटे उभाच होता. त्याच्या मोबाइलमधले घड्याळ उशीर त्याच्याच नावावर मांडत होते.

परतताना गाडीत मी चांगलाच तापलो होतो. गाववाल्यांच्या वेळी असे नव्हते, वगैरे. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकदा रात्री शाळेच्या गॅदरिंगनंतर छत्री विसरली म्हणून मी तिथे परत गेलो. दार अर्धं ओढलेलं. आत टेबलं जोडून सगळे झोपले होते. गाववाले मधल्या टेबलावर. आपण जेवतो त्याच. मला बघून उठायला लागला, मी म्हटलं झोप." थोड्या वेळाने पुन्हा, "त्याला बसून खाताना मी कधी पाहिलं नाही."

हे मला त्यांनी आजवर सांगितले नव्हते. आणि मग मला आठवला तो टेबल पुसणारा पोऱ्या, खाकी चड्डीतला, माझ्याच वयाचा, म्हणजे नऊ-दहाचा. मी पीयूष पीत असताना तो माझ्या कोपराखालून फडके फिरवायचा. पोऱ्या हेच त्याचे नाव होते. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत आणि ढाब्यांवर कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली, तोपर्यंत माझे केस पिकू लागले होते. आमची ती आठवणीत राहिलेली सेवा सोळा तासांच्या दिवसावर आणि टेबलावरच्या झोपेवर उभी होती. गाववाले टिकले, कारण जाणार कुठे? १९८२ च्या संपानंतर तर परळमध्ये नोकरी असणे हेच भाग्य होते. ते परत यावे असे मी म्हणू शकत नाही. नीट पगार, सुट्टी आणि स्वतःची खोली दिली असती, तरीही माणूस टिकला असता. पण तो प्रयोग तिथे कुणी केला नाही. आणि आम्हीही आठ आणे बशीत टाकून, बडीशेप चघळत घरी आलो.

मालकाचीही बाजू आहे. नोव्हेंबर २०१७ पासून अशा हॉटेलांना पाच टक्के जीएसटी आहे, पण भाड्यावर नि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. जागेचे भाव सगळ्यांना ठाऊक आहेत. २०२० च्या टाळेबंदीत गावी गेलेले जुने कामगार सगळे परतले नाहीत आणि त्या महिन्यांत दुकान जगले ते पार्सलावर. ज्याने जगवले त्याच्याकडे तोंड करून बसणे माणसाच्या स्वभावातच आहे. मी स्वतः गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या घरातून किती वेळा मोबाइलवर इडल्या मागवल्या, हे मोजलेले नाही. त्या वेळी कुठल्या तरी टेबलावर कुणाचे तरी वडील ताटकळत असतील.

पण छापील कार्डाची एक प्रत ठेवायला किती खर्च येतो? ताटली उचलण्याआधी "झालं का?" एवढे विचारायला अकरा दिवसांचा मुलगाही शिकू शकतो, कुणी शिकवले तर.

चार दिवसांनी दुपारी तीनला, गर्दी नसताना, मी पुन्हा तिथे गेलो. मालकाला या दोन गोष्टी सांगितल्या. आजोबांचाही उल्लेख केला. त्याने ऐकून घेतले, अगदी चहाही मागवला, आणि तो चहा आणणाऱ्या मुलाला त्याने माझ्यादेखत "खाली बस, आधी तू जेवून घे" असे सांगितले. हे मला आवडले. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "काका, खरं सांगू? तुम्ही बाबांना घेऊन रविवारी येऊच नका."

वडिलांना हे सांगितले. त्यांनी विचारले, "बुधवारी लोणी असतं का, ते विचारलंस?"