फोटो झाला, खड्डा कधी खणायचा?



यंदाही गावात कृषिदूत आणि कृषिकन्या आलेत. बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाची पोरं, खरिपात गावात राहून कार्यानुभव घ्यायला. पहिला आठवडा नेहमीसारखाच गेला. ओट्यावर ताडपत्री, सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम, मागं बॅनर, पुढं आम्ही सहा जण. दुसऱ्या दिवशी पेपरात, 'शेतकऱ्यांना बीजप्रक्रियेचे मार्गदर्शन'. गावाची पेरणी उरकून तेव्हा दहा दिवस झाले होते, ते काही छापून आलं नाही.

पण नंतर त्यातल्याच एका मुलीनं मला गप्प केलं. माझ्या खालच्या तुकड्यात सोयाबीन दरवर्षी पिवळं पडतं. मी युरिया फेकतो. तीन वर्षं हेच. ती म्हणाली, "काका, कुठलं पान पिवळं आहे ते बघितलंत का? नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. इथं शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या आहेत." मग तिनं टिकाव मागितला. वीतभर खाली पांढरे चुनखडे निघाले. लॅबमधून आणलेल्या बाटलीतलं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल मातीवर दोन थेंब टाकलं, तर सोड्यासारखा फेस! चुनखडीची जमीन. लोह आहे, पण मुळाला मिळत नाही. त्यात युरियाचं नायट्रेट झालं की सोयाबीनला लोह घेणं आणखी जड जातं. म्हणजे पदरचे पैसे घालून मीच पीक पिवळं करत होतो. फेरस सल्फेट 100 लिटरला अर्धा किलो, असं फवारलं. नवी फूट हिरवी आली. पुढच्या साली शेणखतात मुरवून जमिनीतून देणार आहे.

तिला विचारलं, हे कुठं शिकलीस? म्हणाली, "पुस्तकात होतं, पेपरात लिहिलं पण होतं. झाडावर आज पहिल्यांदा बघितलं."

चार वर्षांच्या शिक्षणात हे शेवटच्या वर्षी का, एवढंच माझं म्हणणं आहे. प्राध्यापक मंडळींनी राग मानू नये. पहिल्या वर्षापासून प्रत्येक पोराला एका शेतकऱ्याचा एक दुखरा तुकडा द्या. पेरणीपासून मळणीपर्यंत तोच तुकडा, आणि खर्च-उत्पन्नाचा हिशोबही त्यानंच मांडायचा. दुसरं, माती परीक्षण. माझ्या रानातून आतापर्यंत तीनदा नमुने गेले. अगदी शास्त्रशुद्ध, नागमोडी चालत, इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेऊन, चार भाग पाडत अर्धा किलोवर आणून. अहवाल एकदाही हातात आला नाही. अहवाल शेतकऱ्याला पोचल्याशिवाय मार्क देऊ नका, पोरं आपोआप पाठपुरावा करतील.

आपणही काही कमी नाही. पोरं आली की चहा पाजायचा, डायरीवर सही ठोकायची आणि वाटेला लावायचं. मी दोनदा न वाचता सही केलीय. एकाच्या डायरीत माझ्या गोठ्यात चार म्हशी लिहिल्या होत्या. माझ्याकडं एकही नाही.

रविवारी सकाळी 7 वाजता पोरं माझ्या खालच्या तुकड्यात तीन फुटी खड्डा घेणार आहेत. ज्यांचं सोयाबीन पिवळं पडतंय त्यांनी एक झाड मुळासकट आणि मूठभर माती घेऊन या. बॅनर नाही. चहा आहे.