आईचे नाव ही किल्ली नव्हे

२०२५ साली महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाचा दहावीचा निकाल संकेतस्थळावर पाहायला दोनच गोष्टी लागत : आसनक्रमांक आणि आईचे नाव. आसनक्रमांक ओळीने असतात. आपल्या क्रमांकात एक मिळवा, की शेजाऱ्याचा क्रमांक तयार. आणि वर्गमित्राच्या आईचे नाव तुम्हांला ठाऊक नसते थोडेच! नापास झालेल्या मुलाचे गुण त्याच्या घराआधी गल्लीला कळावेत, हे मला अन्यायाचे वाटते.

येथे ओळख आणि गुपित यांची गल्लत झाली आहे. नाव, जन्मतारीख या गोष्टी दाखल्यावर असतात. त्या चारचौघांना माहीत असायच्याच. परवलीचा शब्द मात्र कोणालाच ठाऊक नसावा.

पुष्कळजण जन्मतारीखच परवलीचा शब्द म्हणून वापरतात. थोडे गणित करू. एका वर्गातील मुले फार तर तीन वर्षांच्या अंतरात जन्मलेली असतात. लीप वर्ष धरून तारखा झाल्या १,०९६. संगणकाला त्या तपासायला कितीसा वेळ लागणार? याउलट इंग्रजी वर्णमालेच्या २६ चिठ्ठ्यांतून एकेक उचलून, दरवेळी ती परत टाकून, आठ अक्षरे घ्या. शक्यता होतात २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी! (चिठ्ठ्याच टाका हं. मनाने निवडायला बसलात, तर शेवटी स्वतःचेच नाव सुचते.)

शाळेच्या संगणकातील गुणांच्या नोंदींसाठी शिक्षकांनी प्रत्येकाला असा वेगळा शब्द द्यावा. पाच वेळा चुकल्यास दार काही काळ बंद राहील, अशी सोयही करून घ्यावी. मंडळाने तर प्रवेशपत्रावर चिठ्ठ्या टाकून काढलेला एक आकडा छापला तरी पुरे.