पालकांचा हक्क : राज्यघटनेत नसलेले एक वाक्य

गोंदियाच्या बाजारात धान-तांदळाच्या पेढ्यांवर सायंकाळी अद्याप वर्दळ असते, तोच जैन घरांत मुलांची ताटे मांडली जातात. सूर्यास्तापूर्वी जेवण, ताटात कंदमूळ नाही, निजण्यापूर्वी नवकार, सुट्टीच्या दिवशी पाठशाळा. हा क्रम कोणत्याही कायद्याने घालून दिलेला नाही. आजीकडून सुनेकडे आणि सुनेकडून नातवंडांकडे तो आला. तो कोणी हिरावून घेऊ शकेल, ही शंकाही म्हणून कोणाच्या मनात येत नाही.

बर्लिन येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका जैन दांपत्याच्या मनातही ती आली नसावी. सप्टेंबर २०२१ मध्ये सात महिन्यांच्या कन्येला झालेली जखम दाखविण्यासाठी त्यांनी तिला रुग्णालयात नेले आणि मुलगी बालकल्याण विभागाच्या ताब्यात गेली. फौजदारी चौकशी पुढे आरोप न ठेवताच बंद झाली. तथापि जून २०२३ मध्ये न्यायालयाने ताबा विभागाकडेच ठेवला. त्याच महिन्यात १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मनीच्या राजदूतांना पत्र लिहिले. एरवी कोणत्याही प्रश्नावर एकत्र न येणारे हे पक्ष एका जैन बालिकेच्या शाकाहारासाठी, भाषेसाठी आणि संस्कारांसाठी एकत्र आले, ही लहान गोष्ट नव्हे.

विचार करण्याजोगी बाब पुढेच आहे. जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेतील सहाव्या अनुच्छेदात मुलांचे संगोपन हा आईवडिलांचा नैसर्गिक हक्क आणि त्यांचे प्रथम कर्तव्य असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. पालक कर्तव्यात चुकले किंवा मुलाची आबाळ होण्याचा धोका असला, तरच कायद्याच्या आधारे मुलाला कुटुंबापासून दूर करता येते, असेही तेथे नमूद आहे. इतके लिहिलेले असूनही ही ताटातूट झाली. याचे एक कारण काळ हे आहे. चौकशी लांबते, मूल परक्या घरात रुळते, परकी भाषा बोलू लागते. आणि मग तेच रुळणे परतीच्या विरोधातला पुरावा ठरू शकते. तेव्हा हक्क लिहावाच, पण त्याला मुदतीची आणि धर्म-भाषेच्या जपणुकीची जोडही द्यावी.

भारताच्या राज्यघटनेत यातले किती आहे? शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करून घ्यायचे, तर पालकाची संमती हवी, असे २८ व्या अनुच्छेदात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे पालकांचे कर्तव्य २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ५१-क मध्ये आले. कर्तव्य लिहिले गेले. संगोपनाचा हक्क मात्र स्वतंत्रपणे कोठेही लिहिलेला नाही. आपल्या श्रद्धेनुसार मुलांना धार्मिक व नैतिक शिक्षण देण्याचे पालकांचे स्वातंत्र्य मान्य करणारा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला आहे. पालक नेमताना अज्ञान मुलाचा धर्म लक्षात घ्यावा, हे तर १८९० च्या इंग्रजी अमदानीतील कायद्यालाही सुचले होते.

येथे अनेकांताची आठवण ठेवून मुलाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. घरात मार खाणारे मूल, शाळेतून काढून दुकानावर बसविलेला मुलगा, अल्पवयात बोहल्यावर उभी केलेली मुलगी यांच्यासाठी शासनाने दार ठोठावलेच पाहिजे. बालदीक्षेवरून समाजातच मतभेद आहेत, तेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पालकांचा हक्क हा मुलावरील मालकीहक्क नव्हे. १९५६ च्या ज्या पालकत्व कायद्याखाली जैन कुटुंबे येतात, त्यातही मुलाचे हितच सर्वोपरी मानले आहे. या मर्यादा मान्य करूनच मागणी केली, तर सभागृहात तिला वजन येईल.

घटनादुरुस्तीसाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते. ते काम एका अधिवेशनाचे नाही. परंतु अज्ञान मुले हा विषय समवर्ती सूचीतील असल्याने राज्य विधिमंडळही कायदा करू शकते. मूल घराबाहेर ठेवण्याची वेळ आलीच, तर त्याचा आहार, धर्म आणि भाषा विचारात घेणे बंधनकारक करावे आणि पालकांचे म्हणणे ठरावीक दिवसांत ऐकले जावे, एवढी मागणी आजही करता येते. गोंदिया, तिरोडा, अर्जुनी-मोरगाव आणि आमगाव या चारही मतदारसंघांचे आमदार हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरास जातात. खासदारांकडे जाताना मात्र आमगावकरांनी ध्यानात ठेवावे, की त्यांचा लोकसभा मतदारसंघ गडचिरोली-चिमूर आहे. उर्वरित तिघांचा भंडारा-गोंदिया. संघाच्या वतीने एक पत्र जावेच, पण प्रत्येक पेढीवरून, आईवडील दोघांच्या सहीने, वेगळे पत्र गेले तर अधिक बरे. आजवर अशा पत्रांवर बहुधा वडिलांचीच सही असते.